सेकंड शिफ्टचा व्हायरस

माणसानं कंपनीतून रिटायर व्हावं आणि घरी येऊन गप बसावं, एवढीच अंबूबाईची अपेक्षा होती. फार होती का? पण रंगराव भोसरीच्या कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबणाऱ्या मशिनींवर, छत्तीस वर्षं काढून घरी आले, ते तिथली सगळी शिस्त बरोबर घेऊनच. पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी लागली. दुसऱ्या महिन्यात भिंतीवर झारा, उलथनं आणि पळी यांच्या आकृत्या काढल्या गेल्या, म्हणजे कुठली वस्तू जागेवर नाही ते लांबूनच कळावं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी तिची फोडणी घड्याळ लावून मोजली आणि मोहरीच्या डब्यापर्यंत जाण्यात दिवसाला किती पावलं वाया जातात त्याचा आलेख काढला. अंबूबाईनं तो आलेख पोळ्यांच्या डब्यात तळाशी घातला. दोन दिवसांत तेलकट झाला, मग केरात गेला.

रंगराव माणूस वाईट नव्हते हो. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. पण कुठलीही गोष्ट आहे तशी राहू द्यायची म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. कंपनीत त्यांचं ‘चिकाटी’ नावाचं क्वालिटी सर्कल होतं. पाच-सहा कामगारांनी एकत्र बसायचं, अडचण फळ्यावर मांडायची, ‘का?’ असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं आणि सुधारणा करायची. त्यात त्यांना तीन ढाली मिळाल्या होत्या. पिंपळे गुरवच्या त्यांच्या दोन खोल्यांत देव एका फळीवर आणि ढाली तिच्या वरच्या फळीवर होत्या. अंबूबाईनं एकदा म्हटलं, “अहो, देव खाली बरे दिसत नाहीत.” तर म्हणाले, “हाताच्या उंचीवर आहेत. पूजेला वाकावं लागत नाही. सुधारणा आहे ती.”

हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. लेक वर्षाली इंजिनिअरिंगला असताना घेतलेला, आता बारा-तेरा वर्षांचा झालेला. वर्षाली लग्न होऊन रावेतला गेली आणि कॉम्प्युटर रंगरावांच्या ताब्यात आला. कंपनीत ते सूचनापेटीत सूचना टाकायचे, आता कॉम्प्युटरवरून महापालिकेला पाठवायचे. बागेतल्या बाकांची तोंडं पूर्वेकडून उत्तरेकडं फिरवावीत. झाडांना नंबर द्यावेत. रोज सकाळी दोन सूचना, टार्गेटच तसं होतं. आणि पुसायला फडकं घेऊन अंबूबाई जवळ गेली की पाठीमागून आवाज यायचा, “अंबू, लांबूनच हं! नाजूक मशीन आहे, काहीतरी दाबलं जाईल.”

ही म्हणायची, “नाही हो, कशाला हात लावतेय मी.”

आणि इथंच खरी गंमत होती. त्या कॉम्प्युटरवर अंबूबाई अकरा वर्षं पत्ते खेळत होती.

वर्षालीनंच दाखवलं होतं, लग्नाच्या आदल्या महिन्यात. “आई, मी गेल्यावर कंटाळा येईल तुला. हे बघ, जाळ्यावरच्या कोळ्याचं चित्र आहे ना, त्याच्यावर दोनदा टिचकी मार.” पडद्यावर पत्ते पसरले. एक्क्यापासून राजापर्यंत एकेका रंगाची उतरंड लावायची, लागली की ती उडून बाजूला जाते. सगळ्या आठ उतरंडी गेल्या की डाव जिंकला. आधी एकाच रंगाचा सोपा खेळ, मग दोन रंगांचा, मग चारही रंगांचा. चार रंगांचा डाव लागता लागत नाही, भल्याभल्यांना घाम फुटतो. अंबूबाई सहा वर्षं फक्त चारच रंग खेळत होती.

रंगराव शिफ्टला असायचे तेव्हा आनंदीआनंद होता. रिटायर झाल्यावर तिच्या वाट्याला उरला रोजचा दीड तास. साडेचारला ते बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जायचे आणि सहाला परत यायचे. तेवढा दीड तास त्या घरात एक गोष्ट अशी होती जिच्यावर चिठ्ठी नव्हती, जिचा आलेख नव्हता, आणि जी कशी करावी हे तिला कुणी सांगत नव्हतं. जिंकली तर तिची ती, हरली तर तिची ती. तुम्हाला वाटेल, पत्त्यांचं एवढं काय! ज्याला अख्खा दिवस स्वतःचा मिळतो त्यानं असं म्हणावं.

मग एका सोमवारी सूचना जाईना. पडद्यावर आलं की तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, हे पान यावर उघडणार नाही. रंगरावांनी तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा चष्मा पुसून पाहिलं. मग कॅलेंडरच्या शनिवारावर लाल खूण केली आणि दोन फोन लावले.

शनिवारी दहाला ‘चिकाटी’ची बैठक भरली. सर्कलमधली दोनच माणसं आता हाताशी होती. एक बुद्धरत्न, कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. आधी सगळं बघायचं आणि मग एकच वाक्य बोलायचं, असा स्वभाव. दुसरे धोंडीबा, मूळचे चऱ्होलीचे, शेत बिल्डरला दिलेले, प्रेस ऑपरेटर. “माज्या वांग्याच्या वावरात आता लिफ्ट हाय,” असं ते कुणालाही पहिल्या भेटीत सांगायचे.

रंगरावांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्ठा माशाचा काटा काढला, कंपनीत कारणं मांडायला काढायचे तसा. माशाच्या तोंडाशी लिहिलं, ‘सिस्टीम अपग्रेड करावी की न करावी?’

“चालत्या मशिनीला हात लावू न्हाई,” धोंडीबांनी पहिलाच घाव घातला. “ध्यानात हाय का, त्या परदेशी साहेबानं चांगली चालती प्रेस सुधारायला खोलली आन अकरा दिस बंद पडली. वर दोन बोल्ट उरले ते उरलेच.”

“पण कुलूप जुनं झालं की चोराला सोपं जातं,” बुद्धरत्न म्हणाले. “बदललेलं बरं. फायली पेनड्राइव्हवर काढून घ्यायच्या. बाकी सगळं पुसून नवी सिस्टीम टाकायची.”

अंबूबाई चहा घेऊन आली होती. तिनं विचारलं, “सगळं म्हणजे?”

“सगळं, वहिनी. आतले खेळबीळ, सगळं कोरं.”

“खेळ कोण खेळतंय इथं!” रंगराव म्हणाले. “वेळेची नुसती नासाडी.”

अंबूबाई आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. खेळ जाणार आणि खेळानं अकरा वर्षं जपून ठेवलेला तिचा हिशेबही जाणार. किती डाव मांडले आणि किती जिंकले, ते सगळं त्या कोळ्याच्या पोटात होतं. जाऊन सरळ सांगावं की मी खेळते, पुसू नका? रंगराव रागावतील याची तिला भीती नव्हती. रागावलेला नवरा दोन दिवसांत निवळतो. भीती वेगळीच होती. ते सुधारणा करायला बसले असते! शेजारी खुर्ची टाकून “हा पत्ता तिथं का नाही टाकलास?” असं विचारत बसले असते, पाचपाच वेळा. टार्गेट दिलं असतं. त्यापेक्षा खेळ मेलेला परवडला, असं तिला वाटलं. आणि मेलेला परवडत नाही, असंही वाटलं.

बाहेर मतं पडली एक विरुद्ध एक. निर्णय रंगरावांवर आला, आणि डेटा असल्याशिवाय ते कधी शिंकलेसुद्धा नव्हते. “आठ दिवस निरीक्षण,” त्यांनी जाहीर केलं. “मशीनची तब्येत बघू. मग ठरवू.”

निरीक्षण म्हणजे काय, तर तापाचा थर्मामीटर! सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी बागेतून आल्यावर पारा झटकून तो कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि वहीत लिहायचं. रविवारी सकाळी पारा हललाच नाही. संध्याकाळी सहाला एकशे एक!

“अंबू, हे कुणी चालू केलं होतं का?”

“इथं आहे कोण? मी तर भाजी निवडत होते.”

सोमवारी एकशे एक. मंगळवारी तिनं शक्कल लढवली. साडेपाचलाच डाव आवरला, नॅपकिन ओला केला आणि डब्यावर टाकून ठेवला. सहाला दाराची कडी वाजली तसा काढला. रंगरावांनी हात लावला तर डबा गार, पण ओलसर. त्यांनी वहीत लिहिलं, ‘मशीनला घाम.’ बुधवारी तिनं टेबलफॅन लावून ठेवला, तर त्या वाऱ्यानं वहीची पानं उलटली, आणि त्याचीही नोंद झाली. गुरुवारी मात्र दिवसभर पारा हलला नाही. गुरुवारी चारला अंबूबाई दत्ताच्या देवळात भजनाला जायची. ते तिनं खेळासाठीही कधी चुकवलं नव्हतं. शुक्रवारी पुन्हा एकशे एक.

आता बघा, साधी गोष्ट आहे. घरात माणसं दोन. एक बागेत जातं तेव्हा डबा तापतो. शाळेतल्या पोरानंही ओळखलं असतं. पण रंगरावांनी वहीसमोर बसून पाच वेळा ‘का?’ विचारलं आणि शनिवारच्या बैठकीत उभं राहून निष्कर्ष वाचून दाखवला.

“आत व्हायरस आहे. तो दुपारनंतर कामाला लागतो, सहाच्या सुमाराला थांबतो. म्हणजे सेकंड शिफ्टचा. आणि गुरुवारी काम करत नाही.” ते थांबले, दोघांकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “गुरुवारी, राव. आपल्या एमआयडीसीची वीकली ऑफ. बाहेरचा नाही हा. इथलाच आहे.”

धोंडीबांनी डोक्यावरची टोपी काढली. “आयला! कंपनीतला म्हनायचा का काय?”

“त्याशिवाय गुरुवार कशाला पाळेल? सगळं पुसायचं. आजच. अपग्रेड!”

आतल्या दारात अंबूबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याच खेळानं तिच्या खेळाचा जीव घेतला होता.

बुद्धरत्न उठले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. “पुसण्याआधी बघू तरी, सेकंड शिफ्टला नेमकं काय चालतं ते.” त्यांनी कुठं कुठं टिचक्या मारल्या. हल्ली काय काय उघडलं गेलं त्याची यादी आली, आणि यादीत सगळ्यात वर कोळी. त्यांनी तो उघडला, मग त्याचं हिशेबाचं पान उघडलं. इलेक्ट्रिकलचा माणूस, जिवंत तार कुठली ते लगेच ओळखतो. त्यांनी वळून दारातल्या अंबूबाईकडं पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडं तोंड केलं.

पण रंगरावांनी चष्मा लावून स्वतःच वाचलं. “चार रंग. मांडलेले डाव, आठ हजार दोनशे सोळा. जिंकलेले, तीन हजार तीनशे एकोणसत्तर. टक्केवारी, एक्केचाळीस.”

“आरं, ह्यो व्हायरस न्हाई!” धोंडीबा ताडकन उठले. त्यांच्या नातवानं त्यांनाही मोबाइलवर हाच खेळ दिला होता. “ह्यो मानूस हाय, आन लई पोचलेला हाय. चार रंगाचा डाव मला दोन वर्सात येकदा लागला, तवा मी पेढं वाटलं. ह्यानं तीन हजार लावल्यात! कोन गा ह्यो?”

रंगराव खुर्चीत बसले. घरात कुणीतरी येतंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग सुरू झाली संशयितांची यादी. समोरच्या फ्लॅटमधले हिंदुराव, त्यांच्याकडं जादा किल्ली असते. पण ते मोबाइलसुद्धा सुनेकडून लावून घेतात. जावई दिग्विजय? हुशार आहे, पण रावेतहून रोज साडेचारला यायचं म्हणजे नोकरी सोडावी लागेल. केबलवाला? सोसायटीचा वॉचमन? वर्षालीच्या कॉलेजचं कुणी दुरून तर चालवत नसेल? एकेक नाव कॅलेंडरच्या पाठीवर येत होतं आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह पडत होतं. “वर्षानुवर्षांचं काम दिसतंय,” रंगराव म्हणाले. “काय डोकं असेल राव या माणसाचं!”

अंबूबाई ऐकत होती. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग हसू गेलं. हिंदुरावांवर संशय आला, जावयावर आला, वॉचमनवर आला, हवेतल्या व्हायरसवरसुद्धा आला. घरात चोवीस तास वावरणाऱ्या बाईवर येत नव्हता. लपवायचं होतं ना तिला? लपलं होतं की! मग आता काय खुपत होतं? चाळीस वर्षांच्या संसारात आपलं नाव साध्या संशयितांच्या यादीत येण्याच्यासुद्धा लायकीचं नाही, याचा तिला असा काही राग आला की ट्रे तिनं दाणकन टेबलावर ठेवला.

“मी आहे ती.”

“काय तू?”

“पत्ते. मी खेळते.”

रंगराव हसले. वाईट नव्हतं ते हसणं, प्रेमानंच हसले, पण हसले. “अगं, काहीतरी काय! तुला तो माऊस धरता तरी येतो का?”

“भाऊजी, जरा उठा,” अंबूबाई बुद्धरत्नांना म्हणाली. बुद्धरत्न उठले, त्यांनी खुर्ची पुसल्यासारखं केलं आणि बाजूला उभे राहिले. तिनं पदर खोचला, माऊस उजवीकडून डावीकडं घेतला, कारण ती डावखुरी होती, आणि डाव मांडला.

तिघे पुरुष मागं उभे होते. पहिल्या पाच मिनिटांत धोंडीबा म्हणाले, “वैनी, त्यो गुलाम तिकडं...” आणि बुद्धरत्नांनी त्यांचा दंड दाबला. ती भराभर खेळत नव्हती. एक पत्ता उचलायची, थांबायची, परत ठेवायची. मधे एकदा डाव असा अडकला की धोंडीबांनी “गेला” म्हणून सुस्कारा सोडला. अंबूबाईनं लावलेली एक अख्खी रांग मोडली, चार पत्ते चार ठिकाणी टाकले, आणि खालून इस्पिकचा राजा मोकळा झाला. चहावर साय धरली. पंचविसाव्या मिनिटाला आठवी उतरंड उडाली आणि पडदाभर पत्ते नाचायला लागले.

धोंडीबांनी टोपी काढून हातात घेतली. “वैनी, तुमच्या पाया पडावं का काय!”

रंगरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं. “अंबू,” ते म्हणाले, “अगं, हे कधी शिकलीस तू?” आणि त्या एका वाक्यात एवढं कौतुक होतं की अंबूबाईला वाटलं, उगीच घाबरले मी. इतकी वर्षं उगीच लपवलं. सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

तोवर रंगरावांचा हात कॅलेंडरकडं गेला. त्यांनी संशयितांवर काट मारली, कोरी जागा शोधली आणि पेनाचं टोपण काढलं. “एक्केचाळीस टक्के. म्हणजे बघ, एकोणसाठ टक्के रिजेक्शन! एवढं रिजेक्शन आमच्या प्रेस शॉपमध्ये असतं तर साहेबानं घरी घालवलं असतं. पण काळजी करू नकोस. डाव का हरतो? हा पहिला ‘का’. आपण रोज साडेचारला बसू, मी कट्टा बंद करतो. सहा महिन्यांत साठ टक्क्यांवर नेतो तुला.”

बुद्धरत्न छताकडं बघत होते.

अंबूबाईनं हिशेबाचं पान पुन्हा उघडलं. आता जिंकलेले डाव झाले होते तीन हजार तीनशे सत्तर. त्या पानावर खाली एक बटण होतं. अकरा वर्षं ते रोज दिसत होतं आणि तिनं त्याला कधी शिवलं नव्हतं. तिनं ते दाबलं. खरंच पुसायचं का, असं पडद्यानं विचारलं. तिनं हो म्हटलं. सगळीकडं शून्य आलं.

“अगं, काय केलंस!” रंगराव ओरडले. छत्तीस वर्षांत त्यांनी मशीन मोडलेली पाहिली होती, माणसाचं बोट गेलेलं पाहिलं होतं, पण स्वतःच्या हातानं डेटा उडवणारं माणूस पाहिलं नव्हतं. “इतक्या वर्षांचा डेटा!”

“माझा होता,” अंबूबाई म्हणाली. “मी मिळवला, मी उडवला. त्याचा आलेख नको आणि टार्गेट नको. अहो, हरण्यासाठीसुद्धा खेळते मी. एवढी एक गोष्ट राहू द्या ना तशीच.”

रंगरावांनी पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसेना, म्हणून दोनदा लावलं. मग म्हणाले, “मग अपग्रेडचं काय करायचं?”

त्या घरात कुठल्याही सुधारणेबद्दल अंबूबाईला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

“करा की. पुसायचं ते मी पुसलंय. पत्ते नव्या सिस्टीमवरही मिळतील, मी परत लावीन. फक्त बुद्धरत्नभाऊजी, आत माझं वेगळं खातं करून द्या, आणि त्याला पासवर्ड. तो मी टाकणार, आणि टाकताना तुम्ही तिघंही गॅलरीत जायचं.”

दुसऱ्या दिवशी नवी सिस्टीम बसली. खेळ भडक निघाला आणि मधेमधे जाहिराती यायला लागल्या. अंबूबाई पहिल्या दिवशी त्याला चार शिव्या घालून सात डाव ओळीनं हरली. कॉम्प्युटर सुरू केला की आता दोन नावं येतात. रंगरावांचं कुणीही उघडावं, अंबूबाईचं कुलूपबंद. रंगराव रोज साडेचारला बागेत जातात, कट्ट्यावर बायकोच्या तीन हजार डावांची गोष्ट रंगवून सांगतात, आणि सहाला आल्यावर चपला काढता काढता सहज विचारल्यासारखं विचारतात, “आज किती टक्क्यांवर आलं गं?”

अंबूबाईनं अजून एकदाही सांगितलेलं नाही.